तीन वॅटमध्ये भागेल का?

पत्र : आबा, नमस्कार. मी अमळनेरला शाळेत नोकरीला आहे. आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओग्रामचा आवाज अजून कानात आहे, म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा विचार आहे. बजेट पंचवीस हजार. बघून ठेवलेला सिंगल एंडेड आहे, म्हणजे स्पीकर चालवायला दर बाजूला एकच व्हॉल्व्ह, आणि दर बाजूला ३ वॅट. माझे स्पीकर छोटे बुकशेल्फ आहेत, पाच इंची वूफरचे. मागे ६ ओहम आणि ८६ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) लिहिलंय. सध्या ते चिपच्या अ‍ॅम्पवर वाजतात. खोली दहा बाय बारा, स्लॅबची. ऐकतो ते जुनी हिंदी गाणी, ठुमरी, भजनं आणि तबला. मित्र म्हणतो, ३ वॅटमध्ये डास गुणगुणल्याएवढाही आवाज निघणार नाही. विकणारा म्हणतो, व्हॉल्व्हचा १ वॅट म्हणजे ट्रान्झिस्टरचे १०. कुणाचं ऐकू? रेडिओग्राममधले दोन आठ इंची स्पीकर माळ्यावर पडून आहेत, त्यांचा काही उपयोग होईल का?

उत्तर :

भाऊ, दोघांचंही ऐकू नका. व्हॉल्व्हचा असो की ट्रान्झिस्टरचा, वॅट तेवढाच असतो. फरक पडतो तो मर्यादा ओलांडल्यावर. ट्रान्झिस्टरचा आवाज एकदम फाटतो, व्हॉल्व्हचा आधी थोडा सुजतो आणि मग फाटतो. त्यामुळे व्हॉल्व्हवर शेवटचा थोडा भाग जास्त वापरता येतो, एवढं खरं आहे. त्याचे दहापट वॅट कधीच होत नाहीत. आणि मित्राला सांगा की ३ वॅट ही छोटी गोष्ट नाही. ती कुणाच्या हातात देता यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मी लहान असताना गावात सप्ताह बसला की लाउडस्पीकरवाला व्हॉल्व्हचं मशीन घेऊन यायचा. देवळासमोरच्या निंबावर दोन भोंगे बांधायचा. मशीन तीस-चाळीस वॅटचं, पण रात्रीचं कीर्तन मळ्यातल्या खाटेवर पडून शब्दन् शब्द ऐकू यायचं. ही करामत भोंग्याची होती. भोंग्याच्या युनिटला १ वॅट दिला तर १ मीटरवर १०५ डीबीच्या वर आवाज निघतो. तुमचा स्पीकर तेवढ्याच १ वॅटमध्ये ८६ डीबी देतो. मधल्या १९ डीबीचा हिशोब केला तर भोंग्याला जिथे १ वॅट पुरतो तिथे तुमच्या स्पीकरला जवळपास ८० वॅट लागतील. अमेरिकेत १९३० च्या दशकात आठ-दहा वॅटच्या ट्रायोड (व्हॉल्व्हची एक साधी, जुनी जात) अ‍ॅम्प्लिफायरवर सिनेमागृहं चालायची, तीही पडद्यामागे मोठाले हॉर्न स्पीकर होते म्हणूनच. लोक त्याच जातीचा व्हॉल्व्ह आज घेतात, त्याला ८४ डीबीचा स्पीकर जोडतात आणि मग व्हॉल्व्हला नावं ठेवतात. हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

हिशोब डोक्यात ठेवायला सोपा आहे. ३ डीबी वाढवायचे तर वॅट दुप्पट लागतात, १० डीबीला दहापट. आणि कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डीबी वाढावे लागतात. म्हणजे ३ वॅटऐवजी ६ वॅटचा अ‍ॅम्प घेतला तरी फरक जेमतेम जाणवेल. उलट ८६ डीबीच्या जागी ९३ डीबीचा स्पीकर आणला तर तेच ३ वॅट तुमच्या आजच्या स्पीकरवरच्या १५ वॅटइतके वाजतील. पैसे कुठे टाकले की जास्त पदरात पडतं, ते यातच दिसतं.

आता तुमची खोली. १ वॅटला ८६, तर ३ वॅटला जवळपास ९१ डीबी, पण ते १ मीटरवर. तुम्ही बसणार अडीच मीटरवर, तिथे काही डीबी कमी होतात. मग दुसरा स्पीकर आणि खोलीच्या भिंती त्यातले काही परत देतात. सगळं धरून तुमच्या कानापाशी जास्तीत जास्त ८६ ते ८८ डीबी येतील. हा आकडा तबल्याच्या थापेचा, सरासरी आवाजाचा नव्हे. थाप सरासरीच्या बारा-पंधरा डीबी वर उसळते. म्हणून थाप फाटू द्यायची नसेल तर सरासरी ७२ ते ७५ च्या आसपास ठेवावी लागेल. माघ महिन्यात रात्री साडेदहाला, गल्ली शांत असताना, ठुमरीला हे भरपूर झालं. पण मे महिन्यात कूलर चालू असेल तर? आपल्याकडे चार महिने कूलरशिवाय खोलीत बसवत नाही. त्याच्या घरघरीच्या वर गाणं न्यायला तुम्ही आवाज वाढवणार, आणि ३ वॅट तिथे संपणार.

पण माझ्या अंदाजावर पंचवीस हजार टाकू नका. तुम्हाला खरोखर किती वॅट लागतात ते घरीच मोजता येतं, एका साध्या मल्टिमीटरवर. तुमचा आत्ताचा चिपचा अ‍ॅम्प लावा. नेहमीचं गाणं लावून आवाज तुमच्या सगळ्यात मोठ्या आवडीच्या पातळीवर न्या, कूलर चालू ठेवून. मग आवाजाच्या बटणाला हात लावू नका, फोनवरचा आवाजही हलवू नका. त्याच फोनवरून, त्याच प्लेअरमधून १०० हर्ट्झची टेस्ट टोन वाजवा. ती उणे १२ डीबी पातळीची असायला हवी. अशा फाइली फुकट मिळतात. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एकाच स्पीकरच्या दोन टर्मिनलांवर लावा. दोन्ही टोकं त्याच स्पीकरची हवीत. एक टोक स्पीकरला आणि दुसरं अ‍ॅम्पच्या बॉडीला असं करू नका, बऱ्याच चिप अ‍ॅम्पचं काळं टर्मिनल अर्थला जोडलेलं नसतं. जो आकडा येईल त्याला चारने गुणा, कारण उणे १२ डीबी म्हणजे पूर्ण पातळीच्या पाव व्होल्ट. त्याचा वर्ग करा, सहाने भागा. तेवढे वॅट तुम्हाला लागतात.

समजा मीटरवर १ व्होल्ट आला. चार गुणिले एक चार, वर्ग सोळा, भागिले सहा, म्हणजे पावणेतीन वॅटच्या आसपास. मग तुमचा ३ वॅटचा बेत काठावर का होईना, जमतो. दीड व्होल्ट आला तर ६ वॅट. २ व्होल्ट आले तर पावणेअकरा वॅट, तिथे पुशपुल, म्हणजे दर बाजूला दोन व्हॉल्व्ह जोडीने चालणारा, अ‍ॅम्प लागेल. आणि त्याच्याही वर गेलात तर या बजेटमध्ये या स्पीकरांसाठी व्हॉल्व्हचा नाद सोडा, आहे तो चिपचाच अ‍ॅम्प चांगला. मी हे मनापासून सांगतोय. व्हॉल्व्हवर माझं प्रेम आहे म्हणून तुम्हाला चुकीच्या वाटेला लावणार नाही.

माझी स्वतःची चूकही सांगतो, तुमच्या बेताशी ती फारच मिळतीजुळती आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी ईएल८४ नावाच्या व्हॉल्व्हचा सिंगल एंडेड अ‍ॅम्प घेतला आणि घरातल्या बंद पेटीच्या, दम लागणाऱ्या स्पीकरांना जोडला. बाईचा आवाज इतका जवळ आला की पहिल्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागा होतो. पण तबला लावला आणि डग्ग्याचा घुमारा नुसता फुगलेला, बोल ओळखू येईना. सहा महिने मी व्हॉल्व्ह बदलत राहिलो. दोष व्हॉल्व्हमध्ये नव्हताच. तो कुठे होता ते पुढे सांगतो, कारण विकणारे याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

तुमच्या स्पीकरवर ६ ओहम लिहिलंय, ते नावापुरतं. प्रत्यक्षात प्रत्येक सुराला स्पीकरचा ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, वेगळा असतो. खर्जात, वूफर जिथे आपणहून डोलतो तिथे, तो ३० ओहमपर्यंत चढतो. दुसरीकडे चारच्या आसपास उतरतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला याचं काही वाटत नाही, कारण त्याचा स्वतःचा अंतर्गत रोध शून्याजवळ असतो. पण फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग परत आत देऊन चूक सुधारणं) नसलेल्या सिंगल एंडेड व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा अंतर्गत रोध दोन-तीन ओहम सहज असतो. मग ४ ओहमच्या जागी स्पीकरला निम्म्याहून थोडा जास्त व्होल्ट मिळतो आणि ३० ओहमच्या जागी जवळपास सगळा. दोन्हींत तीन-चार डीबीचा फरक पडतो. म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्यापाशी आवाज आपोआप वाढतो, आणि वर तो वूफरला आवरायलाही अ‍ॅम्प कमी पडतो. काही जणांना हाच व्हॉल्व्हचा गोडवा वाटतो. ठुमरीला तो चालूनही जातो. तबल्याला नाही चालत. तुम्ही तबला ऐकता, म्हणून माझा आग्रह थोडा फीडबॅक असलेल्या अ‍ॅम्पचा आहे. ‘झिरो फीडबॅक’ ही जाहिरात वाचून भुलू नका.

आता पंचवीस हजारांत काय घ्यायचं. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा जीव व्हॉल्व्हमध्ये नसतो, व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे ओटीमध्ये असतो. व्हॉल्व्ह खराब झाला तर बदलता येतो, ओटी हलका असला तर त्याला इलाज नाही. सिंगल एंडेडमध्ये ओटीतून सतत डीसी वाहत असतो. त्याने लोखंड आधीच अर्धं भरलेलं असतं. म्हणून कोअरमध्ये (लोखंडी गाभ्यात) फट ठेवावी लागते, आणि खर्ज नीट यावा म्हणून ओटी मोठा करावा लागतो. पुशपुलमध्ये दोन व्हॉल्व्ह समोरासमोर ओढतात, दोघांचा डीसी एकमेकांना खोडतो. त्यामुळे तेवढ्याच लोखंडात खर्ज चांगला येतो आणि वॅटही जास्त मिळतात. पैसे अमाप असतील तर सिंगल एंडेडमध्येही सुंदर ओटी मिळतो. कमी पैशात मात्र पुशपुल जिंकतो. हे माझं मत आहे आणि अनेक मित्र यावर माझ्याशी भांडतात, पण त्यांचे स्पीकर ९५ डीबीचे आहेत.

म्हणून तुमच्या या स्पीकरांसाठी मी ईएल८४ चा पुशपुल सुचवेन, दर बाजूला दहा-बारा वॅटचा. चिनी अ‍ॅम्पमध्ये याच जागी ६पी१४ व्हॉल्व्ह असतो, तो ईएल८४ च्याच जागी बसतो. ६पी१ हा दिसायला तसाच, पण पिना वेगळ्या, एकाच्या जागी दुसरा खुपसू नका. सिंगल एंडेडमध्ये ६पी१ तीन-साडेतीन वॅट देतो, ईएल८४ पाचाच्या आसपास. तुमचा ३ वॅटवाला बहुधा ६पी१ चाच असणार. ३००बी, २ए३ ही नावं ऐकून या बजेटमध्ये मोह करू नका. २ए३ जेमतेम साडेतीन वॅट देतो, ३००बी आठ, आणि खिशाला तो फार पुढचा आहे. व्हॉल्व्ह आज मिळतात का याची काळजी नको. ईएल८४ स्लोव्हाकियात, रशियात अजून बनतो. आपल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एकेकाळी बनवला, आणि त्यांचे जुने, न वापरलेले व्हॉल्व्ह अजून कुणाकुणाच्या खोक्यात निघतात. बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्सचंच छोटं नाव) लिहिलेला मिळाला तर सोडू नका.

घेताना अ‍ॅम्प हातात उचलून बघा. दोन चॅनेलचा पुशपुल उचलताना मनगट ताणलं गेलं पाहिजे. चार किलोचा असेल तर आत लोखंडच नाही. मागे ४ ओहमचं आणि ८ ओहमचं वेगळं टर्मिनल हवं. तुमचे ६ ओहमचे स्पीकर आधी चारवर लावा, आठवर लावून ऐकायला हरकत नाही, तबल्याचा बोल जिथे स्वच्छ येईल ते ठेवा. बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा याची जुळणी) ऑटो हवा, म्हणजे व्हॉल्व्ह बदलल्यावर मल्टिमीटर घेऊन पोट उघडावं लागत नाही. आणि बाजारात पुढे दोन करंगळीएवढे व्हॉल्व्ह, खाली नारिंगी एलईडी, आत चिप, अशा डब्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प म्हणून विकतात. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा, खिशाला हलका आणि दर बाजूला ५० वॅट सांगणारा दिसला तर तो हाच. तो वाईट वाजेल असं नाही, पण तसा तुमच्याकडे आहेच.

आता आपल्या भागापुरती एक गोष्ट, जी मुंबई-पुण्याचा माणूस सांगणार नाही. तुमच्या घरच्या प्लगमध्ये रात्री दहाला किती व्होल्ट असतात ते मोजा. दिवसा शिवारातल्या मोटारी चालू असल्या की दिवा पिवळा पडतो, आणि रात्री भार उतरला की व्होल्ट चढतात. चीनमधून आलेले बरेच अ‍ॅम्प २२० व्होल्टला गुंडाळलेले असतात. तुमच्याकडे २४५ आले तर व्हॉल्व्हच्या हीटरला (आत लाल तापणाऱ्या तारेला) ६.३ ऐवजी ७ व्होल्ट जातात. हीटर जास्तीत जास्त दहा टक्के वर सहन करतो, म्हणजे ६.९ पर्यंत. म्हणजे रोज रात्री, नेमकं तुम्ही ऐकता तेव्हाच, व्हॉल्व्हचं आयुष्य झिजत राहणार. घेण्याआधी विचारा की ट्रान्सफॉर्मरला २३० किंवा २४० व्होल्टची वेगळी जोडणी (टॅप) आहे का. नसेल तर चांगला स्टॅबिलायझर लावा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर घूं करतो आणि तापतो.

तापण्याचं म्हणाल तर असा पुशपुल अ‍ॅम्प वाजो न वाजो, खोलीत ऐंशी-शंभर वॅटचा दिवा पेटल्यासारखी उष्णता सोडत असतो. बाहेर ४४ अंश असताना तो काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नका. वरून आणि मागून वीतभर मोकळी जागा ठेवा. कूलरचा झोत थेट तापलेल्या व्हॉल्व्हवर येऊ देऊ नका, त्यात पाण्याचे थेंब असतात. कापसाच्या दिवसांत हवेतले तंतू ओटीवर आणि सॉकेटवर बसतात, ते थंड अ‍ॅम्पवरून कोरड्या ब्रशने झाडा.

एक गोष्ट कधीच करू नका. स्पीकर जोडलेला नसताना अ‍ॅम्प चालू करू नका. ट्रान्झिस्टरला ते चालतं, व्हॉल्व्हला नाही. ओटीत व्होल्ट इतके चढतात की आतल्या आत ठिणगी उडून गुंडाळी जळते. आणि आत ३०० व्होल्ट डीसी असतो, तो बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये बराच वेळ राहतो. मागचं झाकण उघडायचं काम व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त केलेल्या जुन्या माणसाला द्या. तीन पिनांचा प्लग, आणि त्यातली तिसरी पिन खरोखर जमिनीत गेलेली आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. बऱ्याच घरांत ती नुसती शोभेला असते. घरात लहान मूल असेल तर व्हॉल्व्हवर जाळी हवीच.

आता माळ्यावरचे आठ इंची. मला खरी आशा तिथे वाटते. त्या काळचे कागदी कोनचे स्पीकर हलके, काठ ताठ, थोड्या वॅटवर बोलायला बनवलेले. तुमच्या बुकशेल्फपेक्षा ते संवेदनशील असण्याची शक्यता बरीच आहे. उतरवा, धूळ झटका, कोन फाटलाय का बघा. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सरळ आत दाबा, आत खरखर लागली तर कॉइल घासतेय. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन टोकं मोजा. सहा-साडेसहा आले तर तो ८ ओहमचा, तीन-सव्वातीन आले तर ४ ओहमचा. शेकड्यांत आकडा आला तर दचकू नका. फिलिप्सने काही रेडिओंसाठी ८०० ओहमचे स्पीकर बनवले होते, ते ओटीशिवाय थेट व्हॉल्व्हवर चालायचे. ते तुमच्या नव्या अ‍ॅम्पवर चालणार नाहीत, जपून ठेवा. एक जरी आठ ओहमचा निघाला तर प्लायवूडच्या रुंद फळीला गोल भोक पाडून त्यात बसवा आणि तुमच्या चिपच्याच अ‍ॅम्पवर, हळू आवाजात, बुकशेल्फच्या शेजारी वाजवून बघा. खर्ज कमी मिळेल, पण गळा कसा येतो ते ऐका. त्याच बटणावर तो बुकशेल्फपेक्षा ठळकपणे मोठा वाजला, तर तुमचा ३ वॅटचा अ‍ॅम्प त्याच्यासाठी पुरेल, आणि पुशपुलचे पैसे वाचवून मोठ्या ओटीचा सिंगल एंडेड घ्यायला मी आनंदाने सांगेन. तेव्हा आजोबांच्या रेडिओग्रामच्या जवळ जाणारं काहीतरी तुमच्या खोलीत वाजेल.

एक शेवटचं, खोलीबद्दल. रेडिओग्राम ज्या घरात वाजायचा ते धाब्याचं असणार. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सर, खाली शेणाने सारवलेली जमीन. ती खोली आवाज पिऊन घ्यायची. तुमची स्लॅबची, फरशीची खोली तो परत फेकते. समोर एक सतरंजी टाका, मागच्या भिंतीवर जुनी गोधडी टांगा आणि मग मीटरचं माप घ्या. आवाज स्वच्छ झाला की माणूस बटण आपोआप खाली ठेवतो, म्हणून हे आधी करायचं. मीटरचा आकडा, रात्री दहाचे व्होल्ट आणि माळ्यावरच्या स्पीकरांचे ओहम, हे तीन आकडे कळवा. त्यानंतर नेमका कोणता अ‍ॅम्प ते सांगतो. तोपर्यंत ऑर्डर थांबवा.